विश्वासाबद्दल बोलताना: समोरच्याला कळेल अशी साक्ष कशी द्यावी

साक्ष, म्हणजे येशूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं, देऊन झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा. ज्याच्याशी बोललो तो घरी जाऊन काय सांगेल? 'येशूबद्दल काहीतरी सांगत होता' एवढंच सांगेल, की 'त्याचं म्हणणं असं, की देव आपल्या कामांचा हिशेब मांडून मग जवळ घेत नाही, आधी क्षमा करतो' असं सांगेल? पहिलं उत्तर आलं तर आपण बोललो खरं, पण त्याच्यापर्यंत पोचलं काही नाही. तिसरंही उत्तर असू शकतं: 'धर्म बदल म्हणत होता, पिच्छाच सोडेना.' असं झालं तर आपल्यानंतर त्याच्याशी बोलू पाहणाऱ्या प्रत्येक विश्वासणाऱ्याचं काम आपण अवघड करून ठेवलं.

नुकतीच साक्ष द्यायला लागलेल्यांसाठी हा लेख आहे. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. बहुतेक चुका पाठांतर कमी पडल्याने होत नाहीत, क्रम उलटा झाल्याने होतात.

तयारी: नावं थोडी ठेवा

येशूचा प्रेषित पौल याने कैदेतून कलस्सै शहरातल्या विश्वासणाऱ्यांना प्रार्थनेची विनंती केली ती दोन गोष्टींसाठी: देवाने वचनासाठी दार उघडावं, आणि आपल्याला ते जसं सांगायला हवं तसं स्पष्ट सांगता यावं (कलस्सै ४:३-४). दार उघडणं देवाचं काम, स्पष्ट बोलणं आपलं. ही वाटणी लक्षात राहिली की छातीवरचं अर्धं दडपण उतरतं.

कागदावर तीन नावं लिहा, फार तर चार. रोज भेटणारी माणसं निवडा. वीस नावांची यादी केली तर ती आठवडाभरात नुसती वाचून संपवायची गोष्ट होते. तीन नावं असली की कोणाची आई आजारी आहे, कोणाची परीक्षा जवळ आली आहे, हे आपोआप लक्षात राहतं आणि प्रार्थनेत येतं. मग भेटल्यावर 'आई कशी आहेत आता?' हा प्रश्न मनापासून निघतो.

एक गोष्ट आधीच तपासून घ्या. हा माणूस कधीच विश्वास ठेवणार नाही असं उद्या कळलं, तरी तुम्ही त्याच्याशी असेच वागाल का? उत्तर 'नाही' असेल तर अजून बोलू नका, प्रार्थना चालू ठेवा. आपल्याशी केलेली मैत्री कशासाठी होती, हे माणसांना फार लवकर कळतं.

पहिली पायरी: ऐकणं

ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे, असं नीतिसूत्रांत (१८:१३) स्पष्ट म्हटलं आहे. कूश देशाच्या अधिकाऱ्याच्या रथाजवळ सुवार्तिक फिलिप्प धावत गेला तेव्हा त्याने प्रवचन सुरू केलं नाही. आधी त्याने ऐकलं, तो यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय हे ओळखलं, मग विचारलं, 'आपण जे वाचता ते आपल्याला समजतं का?' आणि अधिकारी ज्या ओळीवर अडला होता तिथूनच पुढे येशूची सुवार्ता, म्हणजे आनंदाची बातमी, सांगितली (प्रेषितांची कृत्ये ८:३०-३५). अम्माऊस गावाच्या वाटेवर मरणातून उठलेल्या येशूला सगळं ठाऊक होतं, तरी त्याने तिथे भेटलेल्या दोन शिष्यांना विचारलं, 'कोणत्या गोष्टी?' आणि त्यांना त्यांची निराशा पूर्ण सांगू दिली (लूक २४:१९-२४). त्यानंतर तो बोलला.

पहिल्या गंभीर संभाषणात वेळेचे चार भाग केले तर तीन भाग समोरच्याचे असू द्या. विचारायला असे प्रश्न उपयोगी पडतात:

- 'तुमच्या घरी लहानपणापासून देवाबद्दल काय सांगितलं जायचं?'
- 'प्रार्थना करताना तुम्ही काय मागता?'
- 'ख्रिस्ती लोकांबद्दल तुमचा आजवरचा अनुभव कसा आहे?'

तिसरा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण सगळ्यात जास्त शिकवतो तोच. उत्तरात कडू अनुभव आला तर मंडळीची बाजू मांडायला धावू नका. 'हे चुकीचं झालं' एवढं म्हणा आणि गप्प राहा.

एकामागून एक प्रश्न टाकले की समोरच्याला चौकशी चालल्यासारखं वाटतं. एका उत्तरावर थांबा, त्यातलाच एक शब्द धरून पुढे विचारा. तो म्हणाला, 'देव आहे, पण लांब आहे,' तर 'लांब म्हणजे कसा?' एवढंच. आणि त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगून 'बरोबर कळलं का मला?' असं विचारा. तो 'हो, अगदी' म्हणाला की पुढे बोलायला हरकत नाही. 'नाही, तसं नाही' म्हणाला तर अजून ऐकायचं बाकी आहे.

शिवाय समोरचा बोलत असताना तुम्ही मनात उत्तर जुळवत असाल तर ते चेहऱ्यावर दिसतं.

दुसरी पायरी: आपली साक्ष तीन मिनिटांत बसवणं

अग्रिप्पा राजापुढे पौलाने दिलेली साक्ष नमुना म्हणून घ्या (प्रेषितांची कृत्ये २६). तिचे तीन भाग सरळ दिसतात: आधी मी कसा होतो, येशू मला कसा भेटला, त्यानंतर काय झालं. तुमची साक्ष याच तीन भागांत लिहून काढा. साधारण साडेतीनशे शब्द झाले की सावकाश बोलून तीन मिनिटं होतात. घड्याळ लावून मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या वेळी बहुतेकांची सात-आठ मिनिटं होतात, आणि लांबण नेहमी पहिल्या भागात असते.

तिथेच पहिली चूक होते. 'आधी मी किती वाईट होतो' हे इतकं रंगवून सांगितलं जातं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात व्यसन आणि भांडणंच राहतात, येशू शेवटच्या दोन वाक्यांत येऊन जातो. पहिल्या भागाला तीस-चाळीस सेकंद पुरेत. मधल्या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या, आणि तिथे येशूने काय केलं हे ठळक येऊ द्या. नुसतं 'मला फार शांती मिळाली' असं म्हटलं तर ऐकणारा म्हणेल, 'मला ध्यानाने मिळते.' त्याचं चुकत नाही. शांती कशामुळे मिळाली, ते तुम्ही सांगितलेलंच नसतं.

दुसरी चूक तिसऱ्या भागात. 'आता कसलाच त्रास नाही' असं वाक्य कधीही म्हणू नका. ते खरं नसतं, आणि ऐकणाऱ्याने तुम्हाला वैतागलेलं पाहिलेलं असतं. 'अजूनही मला राग येतो. पण आता माफी मागायला जाता येतं, कारण मला माफ केलेलं आहे' हे पटतं.

जन्मापासून ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना वाटतं, आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तुमच्यासाठी मांडणी थोडी वेगळी करा: घरात काय शिकलो, ते आपलं स्वतःचं कधी झालं, आणि आज त्यामुळे काय वेगळं आहे. उदाहरणार्थ: 'लहानपणापासून चर्चला जायचो, पण देव आईवडिलांचा होता. बाबा गेले त्या वर्षी पहिल्यांदा मी स्वतः देवाशी भांडलो, ओरडलो. येशूही मित्राच्या कबरेपाशी रडला होता हे तेव्हा वाचलं, आणि हा देव माझं दुःख लांबून बघत नाही हे कळलं. त्या दिवसापासून प्रार्थना माझी झाली.' यात नाट्य नाही, पण कोणीही ते दुसऱ्याला सांगू शकेल.

येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांध माणसाला धर्मपुढाऱ्यांनी उलटतपासणीत घेतलं तेव्हा त्याच्याकडे धर्मशास्त्राची उत्तरं नव्हती. 'मी आंधळा होतो, आता मला दिसतं, एवढं मला कळतं' (योहान ९:२५) एवढंच त्याने सांगितलं. माहीत आहे तितकंच सांगायचं. त्यात भर घालायची नाही, आणि घाबरून त्यातलं काही गाळायचंही नाही.

तिसरी पायरी: सुवार्ता चार वाक्यांत

साक्ष म्हणजे तुमच्यासोबत काय घडलं. सुवार्ता म्हणजे येशूने सगळ्यांसाठी काय केलं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवीन माणूस नेहमी दुसरी सांगायची विसरतो. पौलाने तिचा गाभा दिला आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठवला गेला, तेही शास्त्राप्रमाणे (१ करिंथ १५:३-४). चर्चच्या बाहेरच्या माणसाला ते असं सांगता येईल:

'देवाने आपल्याला त्याच्याशी जवळचं नातं ठेवण्यासाठी घडवलं. आपण सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, आणि ही तूट चांगली कामं करून भरून निघत नाही. येशूने आपला दोष स्वतःवर घेतला, क्रूसावर जीव दिला आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जिवंत झाला. जो त्याच्याकडे वळतो आणि त्याच्यावर भरवसा टाकतो, त्याला देव क्षमा करतो आणि आपलं लेकरू म्हणून जवळ घेतो.'

हेच शब्द पाठ करू नका. तुमचे करून लिहा, आणि चर्चला न जाणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला वाचून दाखवून विचारा, 'यातलं काय कळलं नाही?' तो ज्या शब्दावर बोट ठेवेल तो बदला.

चौथी पायरी: आपले शब्द तपासणं

यावर जास्त वेळ द्या. आपली चर्चमधली मराठी जुन्या भाषांतरांतून आणि गीतांतून आली आहे. ती सुंदर आहे, आराधनेत ती तशीच राहावी. पण बाहेरच्या माणसाच्या कानाला त्यातले बरेच शब्द अनोळखी असतात. त्याहून घातक म्हणजे काही ओळखीचे असतात, पण वेगळ्याच अर्थाने.

'तारण' घ्या. 'तुमचं तारण झालं आहे का?' हा प्रश्न ज्याने आयुष्यात फक्त बँकेत हा शब्द ऐकला आहे त्याला कर्जासाठी गहाण ठेवलेलं घर किंवा सोनं आठवतं. 'वाचवलं', 'सोडवलं' म्हणा, आणि कशापासून तेही सांगा.

'नवा जन्म' ऐकल्यावर पुनर्जन्म मानणारा माणूस मान डोलावतो. त्याला वाटतं, मेल्यानंतर पुढच्या योनीत जाण्याबद्दल चाललं आहे. तुम्हाला वाटतं, पटलं. दोघंही खूश आणि दोघंही चुकलेले. येशूला भेटायला आलेल्या निकदेमसारख्या विद्वानाचाही याच शब्दावर घोटाळा झाला होता: म्हातारा माणूस आईच्या उदरात पुन्हा कसा जाईल, असं त्याने विचारलं (योहान ३:४). तेव्हा सांगा, 'याच आयुष्यात, आतून नवी सुरुवात, आणि ती देव करतो.'

'आत्म्याने भरला' हे तर फारच जपून. बोलीभाषेत आत्मा म्हणजे मेलेल्या माणसाचा आत्मा, आणि एखाद्यात आत्मा शिरला म्हणजे झपाटला. 'देव स्वतः आपल्या आत राहून बळ देतो' असं सांगितलं की घाबरायचं कारण उरत नाही.

'वचन' म्हणजे रोजच्या बोलण्यात दिलेला शब्द. 'आज वचन कोण देणार?' या वाक्याचा बाहेरच्याला काही अर्थच लागत नाही. 'बायबलमधला भाग' म्हणा. 'मंडळी' म्हणजे नुसते लोक, तेव्हा 'चर्चमधली माणसं' म्हणा. 'पश्चात्ताप' म्हणजे वाईट वाटून घेणं असंच बहुतेकांना वाटतं. नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दात, मेटानोइया, मन पालटण्याचा अर्थ आहे. 'चाललो होतो त्या वाटेवरून मागे फिरणं' हे चित्र पटकन डोळ्यापुढे येतं.

'पाप' हा शब्द टाळू नका, पण मोकळा सोडू नका. पाप-पुण्याचा जमाखर्च मानणाऱ्याच्या मनात लगेच वजाबाकी सुरू होते: इतकं पाप, इतकं पुण्य, बाकी किती. आपण तुटलेल्या नात्याबद्दल बोलतोय हे त्याला उदाहरणाने सांगा. मुलगा वर्षानुवर्षं वडिलांशी अबोला धरून आहे आणि दर महिन्याला पैसे मात्र पाठवतो. पैसे थांबलेले नाहीत, तरी घर तुटलेलंच आहे.

'कृपा' म्हणजे अनेकांना नशिबाने झालेलं बरं वाटतं: 'देवाची कृपा, नोकरी लागली.' आपल्याला म्हणायचं असतं ते हे, की लायकी नसताना, काहीही न देता मिळालेलं. 'विश्वास' म्हणजे देव आहे असं नुसतं मानणं नव्हे, त्याच्यावर भार टाकणं. खुर्ची मजबूत आहे असं म्हणत उभं राहता येतं. बसलं की भार टाकला.

आणि 'कोकऱ्याच्या रक्ताने धुतलो' हे पहिल्या भेटीत नको. यज्ञाची पार्श्वभूमी कळल्याशिवाय ते ऐकवत नाही.

'देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलं' हेही वाक्य टाळा. समोरच्याला त्यावर बोलायला जागाच राहत नाही, कारण तुमच्याशी असहमत होणं म्हणजे देवाशी भांडणं असं होऊन बसतं. 'तुमची आठवण आली म्हणून विचारलं' हे खरंही आहे आणि पुरेसंही.

पाचवी पायरी: दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल बोलताना

अथेनैमधल्या (अथेन्समधल्या) मूर्ती पाहून पौलाचा जीव आतून तळमळला होता (प्रेषितांची कृत्ये १७:१६). तरी तिथल्या अरीयपग नावाच्या सभेत उभा राहिल्यावर त्याने त्यांच्या धार्मिकतेची दखल घेऊन सुरुवात केली, 'अज्ञात देवाला' असं लिहिलेली त्यांचीच वेदी धरून पुढे बोलला आणि त्यांच्याच कवींची ओळ दिली (१७:२२-२८). देव सोन्या-दगडाच्या मूर्तीसारखा नाही हेही त्याने सांगितलं, पण ते पुढे, आणि टिंगल न करता. सत्य झाकायचं नाही. कुठून सुरुवात करायची हे मात्र ऐकणाऱ्याकडे बघून ठरवायचं.

तीन चुका वारंवार होतात. पहिली: आपल्यातला सर्वांत चांगला माणूस आणि त्यांच्यातला सर्वांत वाईट माणूस यांची तुलना. दुसरी: त्यांच्या ग्रंथातली एखादी ओळ संदर्भ तोडून वापरणं, जी आपण स्वतः कधी पूर्ण वाचलेली नसते. ऐकणाऱ्याला ती पाठ असते, आणि तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा भरवसा जातो. तिसरी, आणि सगळ्यात वाईट: देवदेवतांची, संतांची, पैगंबरांची नावं घेऊन बोचरं बोलणं. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा दुसऱ्याच्या धर्माचं वर्णन करतानाही लागू आहे. त्यांच्या श्रद्धेबद्दल तुम्ही जे बोलाल ते त्यांनी ऐकून 'हो, आम्ही असंच मानतो' असं म्हणावं, इतकं ते अचूक हवं.

मुस्लिम मित्राशी बोलताना 'देवाचा पुत्र' या शब्दांनी तो दचकतो, कारण त्याला त्यात शारीरिक संबंध सुचवल्यासारखा वाटतो. तसा अर्थ आम्हीही मानत नाही, हे आधी सांगा. निम्मी अडचण तिथेच दूर होते.

सहावी पायरी: अवघड प्रश्न

'माहीत नाही' हे उत्तर आहे. त्याच्यापुढे 'शोधून पुढच्या आठवड्यात सांगतो' असं जोडा आणि खरंच सांगा. आठवडाभरात सांगितलं नाही तर समोरचा समजतो की उत्तर नाहीच.

'देव प्रेमळ आहे तर माझं मूल का गेलं?' असं कोणी विचारलं तर तो वादाचा मुद्दा नाही, ती जखम आहे. मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. बोलायला लागले आणि बिघडलं. 'देवाची काहीतरी योजना असेल' हे वाक्य अशा वेळी कधीच म्हणू नका. जवळ बसा, त्या मुलाचं नाव विचारा.

'तुम्हाला नुसती तुमची संख्या वाढवायची आहे ना?' असा टोमणा आला तर चिडू नका. 'तसं करणारे असतील तर ते चूक आहे. मला जे मिळालं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं, घ्यायचं की नाही ते सर्वस्वी तुमच्या हातात' असं शांतपणे सांगा. रोमन सुभेदार फेस्ताने भर दरबारात पौलाला वेडा म्हटलं, तेव्हाही पौलाने त्याला आदराने 'फेस्त महाराज' असंच संबोधून उत्तर दिलं (प्रेषितांची कृत्ये २६:२४-२५).

येशूच्या गावाबद्दल नथनेलाने 'नासरेथातून काही चांगलं निघू शकतं का?' असं खवचटपणे विचारलं तेव्हा येशूचा शिष्य फिलिप्प (रथाजवळचा नव्हे, दुसरा) याने नासरेथची बाजू मांडली नाही. 'येऊन पाहा' म्हणाला (योहान १:४६). टोमण्यांना हे फार चांगलं उत्तर आहे.

वाद रंगू लागला, आवाज चढला, आजूबाजूला बघे जमले, की विषय तिथेच थांबवा. प्रभूच्या दासाने भांडू नये, विरोध करणाऱ्यांना सौम्यतेने समजवावं, असं पौलाने तीमथ्याला लिहिलं आहे (२ तीमथ्य २:२४-२५). वाद जिंकून माणूस गमावला तर हाती काही लागत नाही.

काय कधीच बोलायचं नाही

- 'प्रार्थना केली की आजार जाईलच.' प्रार्थना जरूर करा, परवानगी विचारून करा. परिणामाची हमी देऊ नका, आणि औषध थांबवायला कधीही सांगू नका.
- 'चर्चला आलात तर शाळेची फी, रेशन, नोकरी बघू.' मदत करायची तर अट न घालता करा. मदतीच्या वेळी सुवार्तेची पत्रिका हातात ठेवली तर घेणाऱ्याला अट वाटतेच, तुमच्या मनात नसली तरी.
- 'आज रात्री मेलात तर कुठे जाल?' न्यायाबद्दल येशू बोलला आहे, ते लपवू नका. पण ओळख नसलेल्या माणसाला भीतीने ढकलत नेऊ नका.
- कामाच्या ठिकाणी हाताखालच्या माणसाला, दवाखान्यात खाटेवरच्या रुग्णाला, वर्गातल्या विद्यार्थ्याला स्वतःहून विषय काढून सांगणं. 'नको' म्हणायची त्यांना मोकळीक नसते. त्यांनी विचारलं तर थोडक्यात उत्तर द्या आणि कामाबाहेर, त्यांच्या सोयीने भेटा.
- दुसऱ्याच्या लहान मुलांशी आईवडिलांच्या माघारी बोलणं.

ही आमची एकट्याची मतं नाहीत. रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरच्या जाहीरनाम्यात म्हटलं की श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्तीचा किंवा अप्रामाणिकपणे मन वळवण्याचा भासही होऊ नये, विशेषतः गरीब आणि अशिक्षित लोकांशी वागताना. २०११ साली व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून ख्रिस्ती साक्षीच्या आचरणाबद्दल १२ तत्त्वं आणि ६ शिफारशी काढल्या. त्यांतही आमिष आणि सक्ती नाकारली आहे, आणि धर्म बदलणं हा मोठा निर्णय आहे, त्याला विचारासाठी पुरेसा वेळ द्यायला हवा, असं म्हटलं आहे. त्याआधी पौलाने लिहून ठेवलंच होतं, की आम्ही कपटाने वागत नाही आणि देवाच्या वचनात भेसळ करत नाही (२ करिंथ ४:२).

आपण जिथे राहतो तिथला धर्मप्रसाराबद्दलचा कायदाही वाचून ठेवा. कायद्याने आखलेली मर्यादा न कळल्याने तुम्ही एकटेच अडचणीत येत नाही, ज्याच्याशी बोललात तोही येतो.

थांबणं

थांबायच्या खुणा ओळखायला शिका. उत्तरं एका शब्दाची व्हायला लागली, नजर फोनकडे गेली, शरीर दाराकडे वळलं, 'बघू नंतर' दोनदा आलं, की पुरे. 'यावर परत बोलायचं असेल तर तुम्ही सांगा, मी काढणार नाही' असं म्हणा आणि शब्द पाळा. मग क्रिकेटवर बोला, पावसावर बोला, पण तसंच प्रेमाने बोला.

'सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये' असं येशूने सांगितल्यावर श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशूने त्याच्यावर प्रेम केलं होतं असं मार्क मुद्दाम लिहितो (१०:२१-२२). तरी येशूने त्याच्यामागे धावून अट सैल केली नाही, आणि त्याला अडवलंही नाही.

घरच्यांच्या बाबतीत वेग आणखी कमी ठेवा. नव्याने विश्वासात आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात आजीला, मामाला, भावाला सगळं पटवायला निघतो आणि सणासमारंभात तोंड फिरवून बसतो. त्यांना त्यात आपला अपमान दिसतो. सहा महिने घरातली कामं जास्त करा, उलट उत्तर देणं कमी करा. 'तुला काय झालंय?' असं घरचेच विचारतील. त्यानंतर तीन मिनिटांची साक्ष सांगा.

फोनवर लिहिताना

मेसेजमध्ये आवाज आणि चेहरा जातो, म्हणून शब्द आणखी मऊ हवेत. न विचारता रोज वचनं पाठवू नका. चौथ्या दिवसापासून ती न वाचता पुसली जातात. सगळ्यांच्या गटावर वाद घालू नका, एकट्याशी बोला. कोणाची साक्ष, फोटो किंवा आजाराची माहिती त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका.

पुढची भेट

ऐकणाऱ्याला रस वाटला तर पुस्तकांचा ढीग देऊ नका. मार्ककृत शुभवर्तमान द्या. ते १६ अध्यायांचं आहे, बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत सर्वांत लहान, आणि एका बैठकीत वाचून होतं. सोबत एकच प्रश्न द्या: 'हा येशू कोण आहे असं तुम्हाला वाटतं?' पुढच्या भेटीत त्याच्या उत्तरापासून सुरू करा. त्याने तीनच पानं वाचली असतील तर त्या तीन पानांवर बोला.

तो निर्णयाच्या जवळ आला असं वाटलं तरी त्याच्या तोंडी प्रार्थना घालण्याची घाई करू नका. 'तुम्ही देवाला तुमच्या शब्दांत काय सांगाल?' असं विचारा. त्याला ते सांगता आलं तर त्याला कळलं आहे. नाही आलं तर अजून कुठे अडतंय ते तिथेच दिसेल. बाप्तिस्म्याचं बोलणं पाळकांसोबत, निवांत, घरच्यांवर काय परिणाम होईल हे मोकळेपणाने सांगून करा.

घरी आलात की त्याच दिवशी वहीत दोन ओळी लिहा: त्याने काय विचारलं, आणि आपण कुठे चुकीचा शब्द वापरला. पुढच्या आठवड्यात भेटायला जाण्याआधी त्या दोन ओळी वाचा. उत्तर शोधून आणतो असं म्हणाला होतात, ते घेतलंत ना, तेवढं बघा.